डायमंड पेंटिंग घ्यायचंय? चित्र सगळ्यात शेवटी बघा

बहुतेक जण काय करतात, एखादा वाघ नाहीतर चांदण्यांचं आकाश आवडलं की तेच किट मागवून टाकतात, आणि मग पाव वाघ झाल्यावर तो गुंडाळून कपाटावर जातो तो तिथेच राहतो. दोष वाघाचा नसतो. डायमंड पेंटिंग करताना तुम्ही तासन् तास चित्र बघतच नसता मुळी, तुम्ही बघत असता दोन-तीन इंचांचा एक चिकट तुकडा, त्यावरची बारीक चिन्हं, आणि ट्रेमधले एका रंगाचे खडे. त्यामुळे आधी हे ठरवायचं की या प्रकारचं काम नेमकं कसं असलेलं तुम्हाला आवडेल, आणि मग त्यात बसणारं चित्र शोधायचं. उलटं केलंत तर नशिबाची गोष्ट.

ज्यांनी कधी हातच लावलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डायमंड पेंटिंग म्हणजे बारीक चमकदार खडे एकेक करून चिकटवत चित्र भरायचं. कॅनव्हासवर गोंद असतो, त्यावर छापलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर किंवा खूण, आणि कडेला तक्ता की कुठली खूण म्हणजे कुठल्या नंबरचा रंग. त्या रंगाची पुडी ट्रेमध्ये ओतायची, ट्रे हलकेच हलवायचा, म्हणजे खडे पन्हाळीत रांगेत बसतात आणि बरेचसे आपोआप पैलूवाली बाजू वर करून येतात. पेनच्या टोकात थोडं गुलाबी मेण भरायचं, खड्यावर टेकवायचं, तो चिकटून येतो, चौकटीत दाबला की बसला. झालं, एवढंच. यात शिकण्यासारखं फार काही नाही, निवडण्यासारखं मात्र भरपूर आहे.

गोल की चौकोनी

सगळ्यात आधी हा निर्णय, कारण यानेच हाताला काय वाटणार ते ठरतं. गोल खडा साधारण २.८ मिमीचा असतो, चौकोनी साधारण २.५ मिमीचा. आकड्यात फरक किरकोळ वाटतो पण काम पार वेगळं आहे. गोल खडा थोडा इकडेतिकडे बसला तरी कुणाच्या बापाला कळत नाही, कारण खड्यांमध्ये तशीही फट राहतेच आणि फिरला तरी गोल तो गोलच. त्यामुळे हात सटासट चालतो, डोकं दुसरीकडे ठेवता येतं, मागे गाणी लावून, गप्पा मारत करता येतं. चौकोनी म्हणजे फरशी बसवण्यासारखं काम, एक लादी किंचित तिरकी गेली की पुढची रांग सरकते, आणि दहा-पंधरा खड्यांनंतर शेवटचा खडा चौकटीत मावतच नाही. पण सगळं नीट जुळलं ना, की मध्ये फटच दिसत नाही, चित्र एकसंध दिसतं आणि दोन खड्यांच्या मध्ये तिसरा दाबला की बारीकसा टक् आवाज येऊन तो बसतो, त्या आवाजासाठीच चौकोनी करणारे लोक आहेत, आणि मी त्यांच्यातलाच.

चौकोनीत रांग सरकू नये यासाठी एक साधी युक्ती आहे, बुद्धिबळाच्या पटासारखं एक सोडून एक खडे लावायचे आणि मग मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. खडे आपोआप एकमेकांना सरळ धरतात. आणि तरीही वाकडं गेलंच तर स्टीलची पट्टी कडेला टेकवून हलकं ढकललं की रांग सरळ होते, गोंद ताजा असेपर्यंत खडे हलतात.

माझं मत विचाराल तर पहिलं किट गोल घ्या. तुम्हाला पुस्तकाच्या कपाटात एक पुस्तक तिरकं दिसलं तरी चैन पडत नसेल, तर मात्र थेट चौकोनी घ्या, गोल खड्यांमधल्या फटी तुम्हाला सुखाने जगू देणार नाहीत.

साईजचं गणित, हे मनापासून वाचा

इथे लोक दोन्हीकडून फसतात, काहीजण खूप मोठं घेतात आणि काहीजण खूप लहान. चौकोनी खडा २.५ मिमीचा म्हणजे १० सेंमीत ४० खडे. मग ३० बाय ४० सेंमीचा कॅनव्हास म्हणजे १२० गुणिले १६०, एकूण १९,२०० खडे. आता तुम्ही मिनिटाला १० खडे लावता असं धरा, म्हणजे तासाला ६००, तर हे काम ३२ तासांचं. रोज एक तास बसलात तर महिना. २० बाय २० चं छोटं घेतलंत तर ६,४०० खडे, म्हणजे साधारण ११ तास. आणि ते ६० बाय ८० वालं जे फोटोत भारी दिसतं ना, त्यात ७६,८०० खडे, १२८ तास. लांबी-रुंदी दुप्पट केली की काम चौपट होतं, हे ऑर्डर करताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी बाजू अशी की साईज लहान केली की तपशील मरतो. एक खडा म्हणजे एक पिक्सेल, अर्धा खडा नसतो. त्यामुळे २० बाय २० मध्ये जंगल, झोपडी, नदी, हरणं आणि वर पौर्णिमेचा चंद्र असं सगळं कोंबलेलं चित्र जाहिरातीत कितीही सुंदर दिसलं तरी भिंतीवर ते ठिपक्यांचा गोंधळच दिसणार. लहान साईजला एकच वस्तू असलेलं चित्र घ्या, एक फूल, एक पक्षी, एक चेहरा, ठळक रेषांचं कार्टून. गर्दीचं चित्र हवंच असेल तर ५० सेंमीच्या खाली जाऊ नका.

अजून एक गंमत, जाहिरातीत लिहिलेली साईज बऱ्याचदा कॅनव्हासची असते, चित्राची नाही. ३० बाय ४० लिहिलंय आणि आतलं चित्र २५ बाय ३५ निघालं तर खडे १९,२०० वरून १४,००० वर येतात, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त तपशील गेला. म्हणून वर्णनात खड्यांच्या भागाची साईज वेगळी लिहिलीय का ते बघायचं, नसेल तर विचारायचं.

स्वतःचा फोटो करून घ्यायचा असेल तर

हल्ली फोटो पाठवला की त्याचं किट करून देतात, आणि भेट म्हणून लोकांना हेच सगळ्यात आधी सुचतं. इथे थोडं थांबा आणि हिशोब करा. चित्रकलेत ढोबळ नियम आहे की समोरून बघितलेल्या चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी असते. कॅनव्हासवर चेहरा ६ सेंमी रुंद आला तर त्यात आडवे २४ खडे, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम पाच. पाच खड्यांत पापणी, बुबुळ, पांढरा भाग आणि डोळ्यातली चमक कशी बसवणार? नाही बसत. तोच चेहरा १५ सेंमी रुंद असेल तर ६० खडे, डोळ्याला १२, आता माणूस ओळखू यायला लागतो. आणि अख्ख्या कुटुंबाचा ग्रुप फोटो ३० बाय ४० वर करायला दिलात तर एकेका चेहऱ्याला ४ सेंमी, डोळ्याला तीन खडे, मग आजोबा कोण आणि काका कोण हे कपड्यांवरून ओळखायचं.

पैसे घालवायच्या आधी घरीच तपासता येतं. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये तुमचा फोटो १२० बाय १६० पिक्सेल एवढा लहान करा आणि मग स्क्रीनवर मोठा करून बघा, दिसेल ते साधारण तुमचं ३० बाय ४० चं पेंटिंग. खरं तर त्याहून थोडं वाईटच, कारण स्क्रीनला लाखो रंग असतात आणि किटमध्ये तीस-चाळीस. हे बघून पोटात गोळा आला तर साईज वाढवा किंवा फोटो कापा, फक्त चेहरा आणि खांदे ठेवा, मागचा पसारा काढून टाका. पार्श्वभूमी साधी असली की कामही सोपं होतं. जवळून मात्र कुठलंच डायमंड पेंटिंग धड दिसत नाही हे लक्षात ठेवा, दोन मीटर लांबून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं की चेहरा जुळून येतो.

एकरंगी पट्टे की विखुरलेला चिवडा

हा मुद्दा दुकानदार कधीच सांगत नाही आणि काम आवडणार की नाही हे जवळपास यावरच ठरतं. काही चित्रांत एकेका रंगाचे मोठे पट्टे असतात, शंभर-दोनशे खडे सलग एकाच रंगाचे. काही चित्रांत दर दोन खड्यांना रंग बदलतो, एक हिरवा, बाजूला राखाडी, मग दुसराच हिरवा, मग तपकिरी. याला करणारे लोक कॉन्फेटी म्हणतात. झाडाची पानं, प्राण्यांची लव, गवत, ढग, जुन्या तैलचित्रांसारखी चित्रं, ही सगळी कॉन्फेटीने भरलेली असतात. कार्टून, काचेच्या खिडक्यांसारखी जाड काळ्या रेघांची चित्रं, मंडल, भौमितिक नक्षी, यात पट्टे.

पट्ट्यांचं काम डोकं शांत करतं, हात चालत राहतो, आणि तीन, सहा, नऊ खडे एका वेळी उचलणारं रुंद टोक पेनला लावलं तर कामाचा वेगच बदलतो. पण अति झालं तर कंटाळा येतो, आणि काळ्या रंगाचा मोठा पट्टा तर मला मुळीच आवडत नाही, कारण काळ्यात प्रत्येक तिरका खडा आणि प्रत्येक धुळीचा कण उठून दिसतो. कॉन्फेटीत ते रुंद टोक काही कामाचं नाही, दर दोन मिनिटांनी रंग बदलायचा, पण कंटाळा अजिबात येत नाही आणि झाल्यावर चित्रात खोली दिसते.

ओळखायचं कसं? जाहिरातीतलं चित्र झूम करा. सलग भाग दिसले तर पट्टे, ठिपके ठिपके दिसले तर कॉन्फेटी. रंगांची संख्या पण सांगते थोडंफार, १५-२० रंग असतील तर बहुतेक सोपं, ४० च्या वर गेलं की डब्यांची सोय करावी लागते, पण केवळ संख्येवर जाऊ नका, २५ रंगांतही बेक्कार कॉन्फेटी असू शकते.

आणि जाहिरातीतलं चित्र म्हणजे बऱ्याचदा मूळ डिजिटल चित्रच चिकटवलेलं असतं, खड्यांचं नाही. ते बघून निर्णय घ्यायचाच नाही. लोकांनी पूर्ण केलेल्या कामाचे फोटो शोधायचे, तेही घरच्या उजेडात काढलेले. सध्या एआयने बनवलेली चित्रं पण खूप आलीत, लांबून झकास, पण जवळ गेलं की मांजराला पाचवा पाय आणि खिडकीतून झाड उगवलेलं. एकेका खड्याने महिनाभर तो पाचवा पाय तुम्हालाच भरायचाय, तर बघून घ्या. जमलं तर मूळ चित्रकाराचं नाव आणि परवानगी असलेलं किट घ्या, अशा किटमध्ये चिन्हांचा तक्ताही सहसा जास्त मेहनतीने केलेला असतो.

पूर्ण भरायचं की थोडंसं

फुल ड्रिल म्हणजे सगळं चित्र खड्यांनी भरायचं, पार्शल म्हणजे चित्र छापलेलंच असतं आणि त्यातल्या काही भागांवर खडे. पार्शल एक-दोन संध्याकाळीत होतं, लहान मुलांबरोबर करायला मजा येते. पण त्यात बरेचदा पान, थेंब, डोळ्यासारखे वेगवेगळ्या आकारांचे खडे असतात आणि ते मोजून दिलेले असतात, एक सोफ्याखाली गेला तर त्याच मापाचा दुसरा मिळवणं अवघड. साध्या गोल-चौकोनी खड्यांचं तसं नाही. त्यांच्या पुड्यांवर बहुतेक वेळा डीएमसी नंबर असतात, डीएमसी म्हणजे १७४६ साली सुरू झालेली फ्रेंच दोऱ्यांची कंपनी, क्रॉस स्टिच करणाऱ्यांना माहीत असेलच, तिच्या दोऱ्यांचे रंगक्रमांक या छंदानेही उचलले. ३१० म्हणजे काळा, कुठल्याही देशातलं किट असो. त्यामुळे एखादा रंग कमी पडला तर नंबरवरून मागवता येतो, फक्त बनवणारा बदलला की छटेत उन्नीस-बीस होतं, म्हणून एका पट्ट्यात दोन पुड्यांचे खडे असतील तर ते आधी मिसळून घ्या.

पाकिटावर थ्री-डी, फाइव्ह-डी असं काय काय लिहिलेलं असतं त्याचा चित्राच्या खोलीशी काही संबंध नाही, ती पैलूंची भाषा आहे, फाइव्ह-डीवाल्याला पैलू जास्त म्हणून चमक जरा जास्त. त्यावरून किट निवडू नका. एबी खडे मात्र खरंच वेगळे दिसतात, त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक असलेला थर असतो. पाण्यावर, पंखांवर, ताऱ्यांवर थोडे असले की सुंदर, चेहऱ्यावर असले की माणूस तेलकट दिसतो. अंधारात चमकणारे खडे मुलांच्या खोलीसाठी ठीक आहेत.

गोंद

खडे कितीही चांगले असले तरी गोंद भिकार असेल तर सगळं वाया. दोन प्रकार असतात. एक ओतलेला गोंद, जो कॅनव्हासवर थर म्हणून घातलेला असतो, आणि दुसरा म्हणजे दुहेरी टेपसारखी चिकट फिल्म. फिल्ममध्ये हवेचे बुडबुडे आणि सुरकुत्या राहतात, त्या सुरकुतीवर खडा बसत नाही आणि बसला तर पडतो. वर्णनात ओतलेला गोंद लिहिलेलं किट शक्यतो घ्या. कॅनव्हास मऊ आणि जरा जाड असला तर उत्तम, पातळ कॅनव्हास घडी करून आला की ती घडी शेवटपर्यंत छळते. आणि वरचा कागद सगळा एकदम काढायचा नाही, हाताएवढाच भाग उघडायचा, कारण उघड्या गोंदावर केस, धूळ, मांजराची लव सगळं येऊन बसतं आणि नंतर निघत नाही.

कॅनव्हास सोडून बाकीचं

कीचेन, बुकमार्क, वहीचं कव्हर, कोस्टर, स्टिकर, असं सगळं आता या प्रकारात मिळतं. पटकन होतं, भेट द्यायला बरं. पण जी वस्तू रोज हातात घासली जाते तिच्यावरचे खडे गळणारच, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात फिरणारं कीचेन किती दिवस टिकणार तुम्हीच सांगा. वरून सीलरचा, म्हणजे खडे धरून ठेवणाऱ्या पारदर्शक लेपाचा, हात दिला तर थोडं जास्त टिकतं, पण चमक थोडी जाते. बुकमार्क आणि स्टिकर मात्र छान, विशेषतः खरंच आपल्याला हे जमेल का आवडेल का हे बघायचं असेल तर. घरात रांगतं मूल असेल तर यातलं काहीही त्याच्यासमोर उघडू नका, खडे जमिनीवर सांडतातच आणि ते तोंडात जायच्याच मापाचे असतात.

डोळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. चिन्हं बारीक असतात, आणि गडद रंगावर छापलेली तर दिसतच नाहीत. चाळिशीचा चष्मा असेल तर फिकट पार्श्वभूमीचं किट निवडा आणि कॅनव्हासखाली ठेवायचा एलईडी लाईट पॅड घ्या, खालून उजेड आला की चिन्हं स्पष्ट होतात. रात्री वरच्या ट्यूबलाईटवर भागवायला जाऊ नका, चकाकत्या खड्यांवरून तोच उजेड डोळ्यात येतो.

आणि ऑर्डर करायच्या आधी भिंत बघा. तयार फ्रेम ठरावीक मापातच मिळतात, विचित्र मापाचा कॅनव्हास घेतला तर फ्रेम बनवून घ्यावी लागते आणि ती कधीकधी किटपेक्षा महाग पडते. कडेने उजेड येणारी भिंत असेल तर खडे छान चमकतात, समोर खिडकी असेल तर फक्त खिडकीच दिसते. फ्रेम होईपर्यंत ठेवायचं असेल तर खडे बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा, आत ठेवून गुंडाळलं की ते एकमेकांना ढकलून उचकटतात.